कॅम्परचा कॅम्पर, भाग ४: काट्यावर गेलो आणि अर्धं सामान उतरवलं

मंडळी, मागचा अपडेट टाकून चार महिने होत आले, मधे पाऊस, मग दिवाळी, मग एक महिना मी गाडीकडे बघतच नव्हतो कारण राग आला होता, तो कशाचा ते खाली येईलच.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. गाडी २०१७ ची बोलेरो कॅम्पर, फोर बाय फोर, २५२३ सीसीचं डिझेल, एका कॉन्ट्रॅक्टरकडून सेकंडहँड. नाव कॅम्पर असलं तरी आपल्याकडे ही गाडी म्हणजे गावची लाईट गेली की येते ती, मागं शिडी आणि वायरची बंडलं. हिच्यात खरंच कॅम्पिंग करायचं ही कल्पना ऐकून घरी वडील पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, बोलेरो नाशिकलाच बनते म्हणून लगेच संसार थाटायचा का तिच्यात.

तर भाग ३ मधे जे फोटो टाकले होते, १८ एमएम प्लायचे मस्त ड्रॉवर, वर लोखंडी रॅक, त्यावर टेंट, शेपटाला पाण्याची टाकी, ते सगळं छान दिसत होतं, तुम्ही लोकांनी कौतुकही केलं, आणि ते सगळं चुकीचं होतं.

कळलं कसं तर नांदुरीच्या घाटात. सप्तशृंगीला चाललो होतो, दर्शन पण होईल आणि फुल लोडची टेस्ट पण. चढताना स्टेअरिंग एकदम लोण्यासारखं हलकं, मी आधी खूष झालो, म्हटलं ग्रीसिंग मानवलं वाटतं. मग एका वळणावर थोडी खडी पडलेली होती, चाक वळवलं आणि गाडी वळायच्या आधी हातभर सरळच गेली, वेग वीसच्या आत असेल म्हणून काही झालं नाही. बायको काही बोलली नाही, फक्त वरचं हँडल धरलं ते गडावर पोचेपर्यंत सोडलं नाही.

आमच्या आजोबांकडे बैलगाडी होती, त्यामुळं हा प्रकार मला खरं तर लगेच कळायला पाहिजे होता. मागं जास्त भरलं की जू वर उचलतं त्याला उलाळ म्हणतात, पुढं जास्त झालं की धुरजड. माझी गाडी उलाळ झाली होती. पण डोक्यात एकच होतं की ही टनाच्या आसपास माल वाहणारी गाडी, आपलं सामान आहेच किती.

किती आहे ते बघायला पिंपळगावजवळच्या एका काट्यावर गेलो. लाल कांद्याची आवक सुरू झालेली, पुढं मागं सगळे ट्रॅक्टर आणि मधे मी तंबू घेऊन. काट्यावरच्या पोरानं विचारलं माल काय, म्हटलं तंबू, तो म्हणाला तंबाखू? लिहिलं पण तसंच पावतीवर. त्याला विनंती करून तीन वेळा वजन केलं: पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. हे प्रत्येकानं करा हो, अर्ध्या तासाचं काम आहे. नुसतं एकूण वजन घेतलंत तर मला जे कळलं ते तुम्हाला कळणारच नाही.

सामान चढवायच्या आधी, मी एकटा आणि टाकी फुल, तेव्हाचं वजन माझ्याकडे होतं: एकूण १८४० किलो, पुढं ९६०, मागं ८८०. आता दोघं जण आणि सगळा संसार धरून २४२०. म्हणजे ५८० किलो वाढलं, त्यात बायको पुढच्या सीटवर (तिचं वजन इथं लिहिणार नाही), तरी पुढच्या चाकांवरचं वजन ९६० वरून ९३० वर आलेलं. मागं १४९०. अख्खी गाडी जड झाली आणि पुढची चाकं हलकी झाली. डबल केबिनच्या पिकअपमधे मागचा हौदा बराचसा ॲक्सलच्या मागंच येतो, आणि मी पाणी, बॅटरी, ड्रॉवरमधले डबे, सगळं जड ते फाळक्याजवळ ठेवलेलं, काढायला सोपं म्हणून.

मेकॅनिक म्हणाला मागच्या सस्पेन्शनला एक पाटा (स्प्रिंगची पट्टी) वाढवून देतो, मागून बसणार नाही. पाटा वाढवून गाडी मागून उचलेल हे खरं, पण वजन जिथं आहे तिथंच राहणार, पुढची चाकं काही त्यामुळं जड होत नाहीत. शिवाय काही गाड्यांना मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व असतो, बॉडी आणि ॲक्सलमधलं अंतर बघून तो मागच्या ब्रेकला प्रेशर सोडतो. पाटा टाकून गाडी उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि मागचा ब्रेक कमी लागतो, म्हणून पाट्याशी खेळलात तर तो पण सेट करून घ्या. मी पाट्याला हात लावला नाही.

मग राग. एक महिना.

डिसेंबरमधे सगळं उतरवून पार्किंगमधे मांडलं आणि घरच्या वजनकाट्यावर एकेक वस्तू ठेवली. १८ एमएमची आठ बाय चारची एक शीट साधारण ३५ किलो भरते, माझ्या ड्रॉवरमधे साडेतीन शीट गेलेल्या. म्हणजे एकही चमचा न ठेवता १२० किलो! आणि ते ज्या फॅब्रिकेटरनं बनवलं (नाव नको, माणूस गोड आहे) त्याला मी दोनदा विचारलं होतं की १२ एमएम चालेल का, तर म्हणे साहेब मजबूत पाहिजे ना. मजबूत होतं. त्यावर ट्रॅक्टर उभा राहिला असता.

आता ड्रॉवर नाहीतच. अंबडला एका स्लायडिंग खिडक्यावाल्याकडून ॲल्युमिनियम सेक्शनची मांडणी करून घेतली आणि त्यात सरळ टोमॅटोचे कॅरेट. हो, आपले नेहमीचे प्लास्टिकचे, पावणेदोन फूट लांब, सव्वा फुटाच्या आत रुंद, वीस किलो टोमॅटो बसतो ते. आठ कॅरेट, प्रत्येकावर पेंटनं लिहिलंय, किचन, टूल, अंथरूण वगैरे. हवा खेळते, धुता येतात, तुटलं तर दुसरं गल्लीत मिळतं, आणि मुक्कामाला उचलून थेट झाडाखाली नेता येतं. एवढे दिवस परदेशी व्हिडिओ बघून ड्रॉवर ड्रॉवर करत बसलो आणि उत्तर मामाच्या शेडमधे थप्पी लावून पडलेलं. मांडणी आणि कॅरेट धरून ३५ किलो, म्हणजे ८५ वाचले.

पाणी १०० लिटर होतं ते ४० केलं, वीसवीसचे दोन कॅन, केबिनला चिकटून, म्हणजे ॲक्सलच्या पुढं. सह्याद्रीत फिरताना शंभर लिटर पाणी कशाला लागतं हे आता मलाही सांगता येत नाही.

बॅटरी घरच्या इन्व्हर्टरची जुनी १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती साठतं ते) ट्युब्युलर, म्हणजे लेड ॲसिडचीच, लावली होती, फुकट होती म्हणून. ती ५७ किलोची, आणि लेड ॲसिड निम्म्याखाली उतरवत राहिलं की लवकर मरते, म्हणजे वापरायला ७५ एएचच. शिवाय चार्ज होताना गॅस सोडते, ती झोपायच्या जागेखाली नकोच. आता १०० एएचची लिथियम फॉस्फेट, १२ किलो, त्यातले ८० एएच तरी बिनधास्त वापरता येतात. फ्रिज दिवसाला तीसेक घेतो, दिवे आणि मोबाईल किरकोळ. डीसी टू डीसी चार्जर, म्हणजे गाडीच्या पुढच्या बॅटरीवरून ही मागची चार्ज करणारा डबा, तो मागच्या बॅटरीच्या शेजारीच लावलाय, इंजिनपाशी नाही.

वायरबद्दल दोन शब्द, कारण मी इथं पण माती खाल्ली होती. पुढून मागं पाच मीटर, जाऊन येऊन दहा. ६ स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरमधे २० अँपिअर गेले की साधारण ०.६६ व्होल्ट वाटेतच जातात, मागं चार्जरला पोचतात तेरा आणि काहीतरी, तो बिचारा गोंधळून चालूबंद चालूबंद. १६ स्क्वेअर टाकली तर तेच नुकसान ०.२४ वर येतं. आणि फ्यूज पुढच्या बॅटरीच्या जितका जवळ तितकं बरं, फ्यूज शेवटाला लावून उपयोग नाही, मधली वायर कुठं घासून शॉर्ट झाली तर ती जळेपर्यंत फ्यूजला पत्ता लागत नाही.

दुसरी स्टेपनी पण काढली, आणि दोन कढया, आणि एक टूलबॉक्स ज्यातला पाना मी कधीच वापरला नव्हता. पुन्हा काट्यावर. एकूण २१९०, पुढं ९७५, मागं १२१५. तोच पोरगा होता, ह्यावेळी त्यानं स्वतःच विचारलं, तंबाखू?

रॅक मात्र लोखंडीच आहे, आणि तो केबिनच्या टपाच्या वर जाऊ दिलेला नाही. टेंट ५५ किलोचा, ते वजन जितकं वर तितकी गाडी वळणावर झुलते. सगळं नटबोल्टवर आहे, वेल्डिंग एकही नाही. आपली गाडी मालवाहू पासिंगची, आठ वर्षं झाली की फिटनेस दरवर्षी, आणि आरसीवर लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, त्यामुळं पासिंगच्या आधी अर्ध्या दिवसात सगळं उतरतं. पुढं बुलबार (बंपरवरचा लोखंडी गार्ड) लावा म्हणणाऱ्यांना पुन्हा सांगतो, त्याला २०१७ पासून बंदी आहे, विचारू नका.

टेस्टला सालेर किल्ल्याकडे गेलो. पिंपळगाव, देवळा, सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर, आणि पुढं वाघांबेच्या बाजूला एका दादांच्या शेतात त्यांना विचारून मुक्काम. समोर १५६७ मीटरचा सालेर, शेजारी सालोटा, संध्याकाळी दोघांच्या मधल्या खिंडीतून असा काही उजेड येतो की स्वयंपाक राहिला बाजूला. स्टेअरिंग आता जड लागतं, घाटात तर चांगलंच, आणि मला ते फार आवडलं. दादांनी येऊन कॅरेट बघितले आणि विचारलं, टोमॅटो कुठं खाली केले, भाव काय मिळाला. खरं सांगितलं तर त्यांचा चेहरा आमच्या वडिलांसारखा झाला.

धुळीचा प्रश्न सुटलेला नाही. कच्च्या रस्त्यावर गाडीच्या मागं हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या फटीतून धूळ आत ओढली जाते, त्यात कॅरेट जाळीचे, सकाळी पोहे केले ते खिचडीच्या रंगाचे झाले. फाळक्याला बीडिंग रबर लावलं होतं पण खालच्या बिजागरीपाशी फट आहे. आता ताडपत्रीच्या छताला पुढच्या बाजूनं जाळीची एक खिडकी ठेवणार, पुढून हवा आत आली की आतला दाब वाढून धूळ बाहेरच राहते असा हिशोब आहे. कोणी केलं असेल तर जाळी कुठली वापरली ते सांगा.

पुढचं टार्गेट स्पिती, सप्टेंबरमधे. तिथं रात्री पारा शून्याखाली गेला तर लिथियमला त्या थंडीत चार्जिंग द्यायचं नसतं, सेल आतून खराब होतात, म्हणून शून्याखाली चार्जिंग स्वतः तोडणारा बीएमएस (बॅटरीच्या आतलं तिला सांभाळणारं सर्किट) आहे का ते आधी तपासतोय, विकणाऱ्यानं हो म्हटलंय पण फ्रिजरमधे ठेवून बघितल्याशिवाय माझा विश्वास नाही. बायकोला फ्रिजर रिकामा करायला सांगितलंय, तिथून अजून परवानगी आलेली नाही.