एप्रिल २०२०चं कोरं पान

रात्रपाळी आहे. वॉर्ड झोपलाय, म्हणून लिहायला बसले.

रेकॉर्ड रूमला द्यायची जुनी रजिस्टरं आज बांधत होते, त्यात २०२०चं ॲडमिशन रजिस्टर हाताला लागलं. मार्चपर्यंत गच्च भरलेलं. एप्रिलमध्ये अठराच्या आतलं एकही नाव नाही. खरं सांगायचं तर तेव्हा आम्हाला हायसं वाटलं होतं. मानसोपचाराचा वॉर्ड कोविडला गेला होता, आमच्याकडे पॅसेजलगतच्या सहा खाटा उरल्या होत्या. मुलं येत नाहीत म्हणजे घरी बरी असतील, असं धरून चाललो. काही होतीही बरी. शाळेत ज्यांना रोज चिडवायचे, त्यांची सुटकाच झाली होती. पण त्या वर्षी देशात १२,५२६ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आधीच्या वर्षीपेक्षा दोन हजारांहून जास्त. गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची देशभरची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबीचा तो आकडा पुढे वाचला, तेव्हा हेच कोरं पान आठवलं.

मग ऑगस्ट. २० तारखेला एसटी जिल्ह्याबाहेर सुटायला लागली आणि आठवड्याच्या आत दहावीतला एक मुलगा वडिलांबरोबर आला. भूगोलाचा पेपर आपल्यामुळेच रद्द झाला, असं तो एप्रिलपासून म्हणत होता. आधी घरात सगळे हसले. जुलैअखेर निकाल लागला, हा पास झाला, तरी तेच. तेव्हा फोन लावला की कोरोनाच्या सूचनेआधी कुणीतरी खोकायचं, आठवतंय? तो खोकला मुद्दाम आपल्याला ऐकवतात, असंही म्हणायचा. आता खोकला तर सगळ्यांनाच ऐकू येत होता, मग कोण मनावर घेणार? शाळा चालू असती तर एखाद्या बाईंच्या नजरेत आलं असतं. पहिली गोळी पोटात जायला चार महिने लागले.

मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ८७ सांगतं, दाखल केलेल्या अल्पवयीन मुलाजवळ घरचं किंवा घरच्यांनी नेमलेलं माणूस सतत हवं. नियम चांगलाच आहे. एरवी आई दिवसा, वडील रात्री, रविवारी मामा. कोविडमध्ये माणूस बदलायलाच बंदी. वडील स्वॅब देऊन आत आले ते एकोणीस दिवस आतच. रोजंदारी बुडाली, त्याचा राग पोरावर. ज्या कोंडमाऱ्यातून मुलाला बाहेर काढायचं, तोच आम्ही खाटेशेजारी आणून बसवला होता. कॅरमबोर्ड चादरीत बांधून कपाटावर. गटात बसून बोलणं बंद.

आणि आम्ही? टोपी, मास्क, वर शील्ड. सगळे आपल्यापासून काहीतरी लपवतात, असं वाटणाऱ्या मुलासमोर तोंड झाकून उभ्या. मी किटवर मार्करने नाव लिहिलं. तो म्हणाला, "हे खरं कशावरून?"

डिस्चार्जनंतर फोनवर फॉलोअप. घरात मोबाईल एकच, तो वडिलांच्या हातात, स्पीकरवर. मागून बहीण क्लास सुरू झाल्याचं ओरडतेय. "हो. नाही. झोप लागते." एवढंच. औषध खरंच घेतोय का, हे त्या आवाजावरून काय कळणार?

घरी जायच्या दिवशी त्याने तोंड बघायला मागितलं होतं. मी बाहेर जाऊन खिडकीच्या काचेपलीकडे उभी राहिले आणि मास्क खाली ओढला. बराच वेळ निरखून बघत होता.

"मला वाटलं, तुमचं नाक मोठं असेल, सिस्टर."