घोड्याचा पोटशूळ आणि लॅक्टेटचा आकडा: माझा अनुभव

इंदुरात लग्नसराई सुरू झाली की पोटशुळाचे फोन वाढतात. वरातीच्या घोड्या संध्याकाळभर साज चढवून उभ्या असतात, पाणी वेळेवर मिळत नाही आणि मध्यरात्री परतल्यावर पुढ्यात कोरडा भुसा पडतो. बहुतेकींच्या मोठ्या आतड्यात चारा अडकलेला असतो. नळीने पाणी आणि वेदनाशामक दिलं की त्या सुटतात. खरी काळजी आतड्याला पीळ बसलेल्या घोडीची. सुरुवातीला दोघी सारख्याच दिसतात: पुढच्या पायाने जमीन उकरतात, कुशीकडे वळून बघतात, लोळतात. पोट उघडायला न्यायचं तर पुणंसुद्धा इथून सुमारे 600 किलोमीटर. त्यामुळे पीळ आहे की नाही याचा अंदाज तबेल्यातच, पहिल्या दोन-तीन तासांत बांधावा लागतो. त्या अंदाजासाठी मी लॅक्टेट मोजतो.

पेशींना प्राणवायू कमी पडला की त्या साखर अर्धवट जाळतात आणि लॅक्टेट साचतं. ते दोन कारणांनी वाढतं. एक, अंगातलं पाणी कमी होऊन सगळीकडचा रक्तपुरवठा मंदावणं. दुसरं, आतड्याचा एखादा तुकडा रक्ताविना मरू लागणं. पहिलं सलाईनने भरून निघतं, दुसरं निघत नाही. पुढची सगळी मोजणी या फरकासाठी आहे.

पोचल्यावर आधी नाडी, हिरड्यांचा रंग, दाबलेली हिरडी किती सेकंदांत पुन्हा भरते हे बघतो आणि लगेच रक्त घेतो. झायलाझिन हे गुंगीचं औषध देण्याआधीच घेतो, कारण त्याने हृदयाचं काम मंदावतं. घोडी नुकतीच लोळून, धडपडून उठली असेल तर थोडं थांबतो. स्नायूंच्या कष्टानेही आकडा चढतो. मानेच्या शिरेतून 2 मिली पुरतं. शीर फार वेळ दाबून धरायची नाही. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, सिरिंजमधला फेस टाकायचा आणि थेंब लॅक्टेट मीटरच्या पट्टीच्या टोकाला फक्त टेकवायचा. पट्टी आपणहून रक्त ओढून घेते. वरून थेंब सोडला की कप्पा अर्धा भरतो आणि आकडा चुकतो किंवा एरर येतो. माणसांसाठी, खेळाडूंसाठी मिळणारं हातातलं मीटर इथे चालतं. मात्र एका घोडीची सगळी मोजणी एकाच मीटरवर करा. रक्त घट्ट झालेलं असेल तर अशी मीटरं थोडा कमी आकडा दाखवतात, म्हणून पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) शेजारी लिहून ठेवतो.

रक्त सिरिंजमध्ये पडून राहिलं तरी लाल पेशी लॅक्टेट बनवतच राहतात. पाच मिनिटांत मोजा. प्रयोगशाळेत पाठवायचं असेल तर फ्लोराइडच्या करड्या बुचाच्या नळीत, बर्फावर. तिकडून उत्तर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आलं तर 9 ने भागा, म्हणजे लिटरमागचे मिलिमोल मिळतात. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका. डिसेंबरच्या पहाटे उलट होतं, गारठलेलं मीटर चालूच होत नाही. ते मी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतो.

निरोगी मोठ्या घोड्यात लॅक्टेट लिटरला 2 मिलिमोलच्या खाली, बरेचदा 1 च्या आसपास असतं. 2 ते 4 म्हणजे पाणी कमी आहे, नीट लक्ष ठेवा. 4 च्या वर मी मालकांना गाडीची चौकशी करायला सांगतो. मोठं आतडं पूर्ण पिळलं असेल तर 6 च्या खालच्या घोड्या शस्त्रक्रियेनंतर वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते, वर गेल्यावर ती झपाट्याने घटते. नवजात शिंगराला यातलं काही लावू नका, त्याचा आकडा जन्मतः चढाच असतो. बुटक्या जातीच्या पोनींतही साध्या पोटदुखीत तो मोठ्या घोड्यांपेक्षा वर जातो आणि तरी त्या बऱ्या होतात.

सगळ्यात मोठी फसगत होते ती रक्तातला पहिला आकडा चांगला आल्यावर. आतड्याला पीळ बसतो तेव्हा त्या तुकड्याच्या शिराही आवळल्या जातात, तिथलं लॅक्टेट बाहेर पडत नाही आणि जे पडतं ते यकृत उचलतं. त्यामुळे पहिले काही तास रक्त शांत दिसतं. पण तेच लॅक्टेट आतड्याच्या भिंतीतून पाझरून पोटातल्या, आतड्यांभोवतीच्या पाण्यात उतरतं. म्हणून दुखणं इंजेक्शनला दाद देत नसेल किंवा नाडी 60 च्या वर टिकून असेल तर मी पोटातलं पाणी काढतो.

जागा पोटाच्या सगळ्यात खालच्या भागात, छातीच्या हाडामागे तळहाताच्या रुंदीइतकी, मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे. डावीकडे प्लीहा लागते. केस कापून, नीट धुऊन, तिथे बधिर करायला 2 मिली लिग्नोकेन. मग 18 नंबरची दीड इंची सुई हळूहळू आत सरकवतो. चरबी जास्त असेल तर ब्लेडने छोटी चीर देऊन टीट सायफन (सडातून दूध काढायची धातूची नळी). त्याचं टोक बोथट असल्याने आतडं भोसकलं जाण्याचा धोका कमी. पोट ढोलासारखं ताणलेलं असेल किंवा घोडी शेवटच्या महिन्यांत गाभण असेल तर सुई घालण्याआधी दहादा विचार करा. पाणी फिकट पिवळं आणि पारदर्शक हवं. लालसर, गढूळ आलं तर शंका बळावते. हिरवट, चाऱ्याचे कण असलेलं आलं तर सुई आतड्यात गेली असेल किंवा आतडं फुटलं असेल. दुसऱ्या जागेवरून पुन्हा घेऊन बघा.

निरोगी घोड्यात या पाण्यातलं लॅक्टेट रक्ताइतकं किंवा कमी असतं. रक्तात 1.8 आणि पाण्यात 5 दिसलं, म्हणजे दुपटीहून जास्त, तर मी पीळ आहे असंच धरतो.

नाहीतर सलाईन लावून दुसऱ्या आकड्याची वाट बघायची. वजनासाठी काटा लागत नाही: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले 11,880. घेर 165 आणि लांबी 150 असेल तर 344 किलो. किलोला 20 मिलीने सुमारे 7 लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या 14 बाटल्या. त्या भराभर जायला 14 नंबरचा कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी) लागतो आणि बाटल्या बदलायला एक जागा माणूस. रिंगर लॅक्टेट या सलाईनच्या लिटरमध्ये 28 मिलिमोल लॅक्टेट असतं, म्हणून दुसरा नमुना त्या कॅन्युलातून कधीच नाही. मानेच्या दुसऱ्या बाजूने घ्या. याच घोडीला फ्लुनिक्सिन हे वेदनाशामक किलोला 1.1 मिलिग्रॅम, म्हणजे साडेसात मिली. त्याने वेदना झाकली जाते, घोडी शांत उभी राहते आणि मालक निश्चिंत होतात. लॅक्टेट मात्र झाकलं जात नाही.

दोन तासांनी 5 चा 2.5 झाला तर मी तबेल्यातच उपचार चालू ठेवतो. 5 चा 5 राहिला किंवा 6 झाला तर वाट बघणं थांबवतो. घोडी डोळे मिटून गप्प उभी असली तरीही. गाडीत चढवण्याआधी नाकातून जठरात घातलेली नळी टाके घालून जागेवर पक्की करतो, कारण वाटेत जठर फुटू शकतं. मोरखीला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद बांधतो: वेळ, नाडी, पीसीव्ही, रक्तातलं आणि पोटातल्या पाण्यातलं लॅक्टेट, दिलेली औषधं आणि कुठलं मीटर वापरलं ते.