टेस्ट किटमध्ये शून्य, दगडांवर हिरवं रान

7 सप्टेंबर 2024, चवथीचा दिवस. आमच्या फोंड्याच्या घरी सकाळपासून माणसांची ये-जा चालू होती. माटोळीखाली, म्हणजे फळा-पानांनी सजवलेल्या छताखाली, गणपती बसलेला आणि त्याच हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात माझा खाऱ्या पाण्याचा टँक. मावशी टँकपुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "किती गो सुंदर हिरवळ धरलीय दगडांवर! मुद्दाम लावलीस?" तिला ती मनापासून आवडली होती. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि त्या संध्याकाळी टँकचा लाइट लावलाच नाही. ती हिरवळ म्हणजे केसाळ शेवाळ होतं. सहा महिने मी त्याच्याशी झगडत होते आणि दर महिन्याला ते थोडं अधिक पसरत होतं.

टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दगड-वाळू वजा केली की पाणी साधारण 200 लिटर. नोव्हेंबर 2023 मध्ये भरला. आत क्लाउनफिशची जोडी, वाळूत बीळ करून राहणारा एक गोबी मासा, काही समुद्री गोगलगायी, शंखातले खेकडे आणि झोआंचा, म्हणजे पोवळ्यांच्या नात्यातल्या फुलासारख्या बारीक प्राण्यांचा, एक गुच्छ. माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे मोजमाप, मात्रा, टक्केवारी यांची सवय होती. तरीही पहिल्या वर्षात बहुतेक चुका मोजमापाच्याच झाल्या.

गोव्यात राहून मीठ विकत घेऊन पाणी बनवतेस, समुद्र तर दारात आहे, असं मला प्रत्येक जण विचारतो. मिरामारचं पाणी म्हणजे मांडवीच्या तोंडाचं पाणी. पावसाळ्यात नद्या इतकं गोडं पाणी ओततात की किनाऱ्यावरचा खारेपणा पार घसरतो. त्याच दिवसांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खोल समुद्रातलं पाणी वर येतं, आणि ते नायट्रेट-फॉस्फेटने, म्हणजे शेवाळाच्या खाद्याने, भरलेलं असतं. मासळीला ते चांगलं, माझ्या दगडांना नाही. फेब्रुवारी ते मे या काळात अरबी समुद्रावर कधी कधी लाकडाच्या भुशासारखे पिवळट-तपकिरी पट्टे तरंगताना दिसतात. ते ट्रायकोडेस्मियम, म्हणजे टँकमध्ये लाल साय धरते ना, त्या सायनोबॅक्टेरियाचंच भावंड. समुद्रातून दगड आणायचा तर विचारही नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून दगडी पोवळी आहेत. ग्रँड आयलंडच्या पाण्यात उतरलात तर डोळे भरून बघून यायचं, हात लावायचा नाही. माझे दगड कोरडे, कृत्रिम, विकत घेतलेले आहेत.

पहिल्या महिन्यात वाळूवर तपकिरी धूळ बसली. ते डायाटम, सिलिकाचं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ. नव्या टँकला ते येतातच, आणि तीन आठवड्यांत गेलेही.

मार्चमध्ये डाव्या दगडाच्या कडेला नखाएवढी हिरवी लव दिसली. मेच्या मध्यापर्यंत तिचे दोन-दोन इंच लांब केस झाले. दुपारी लाइट पूर्ण असला की प्रत्येक केसाच्या टोकाला ऑक्सिजनचा एक बारीक बुडबुडा चमकायचा, आणि सारा दगड मोती ओवल्यासारखा दिसायचा. त्याच केसांखाली माझे झोआ मिटून बसले होते. झोआ निरोगी असला की शर्टाच्या बटणाएवढी त्याची थाळी उघडते, भोवती बारीक झालर. शेवाळाचा स्पर्श झाला की ती मिटते, आणि सतत मिटून राहिला तर झोआ उपाशी झिजतो. बावीसपैकी सात उघडे उरले होते.

तेव्हा मी शेवाळ मारणारी बाटली आणली. आठवडाभरात शेवाळ पांढरं पडून गळालं आणि मी खूश झाले. पण मेलेलं शेवाळ टँकमध्येच कुजलं. त्याने जे शोषून ठेवलं होतं ते सगळं परत पाण्यात आलं, कुजण्यात ऑक्सिजनही खर्च झाला. सहा गोगलगायी मेल्या, गोबी पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला. त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत पाणी बदलत बसले होते. तीन आठवड्यांत शेवाळ आधीपेक्षा दाट होऊन परत आलं.

सगळ्यात जास्त चक्रावून टाकलं ते टेस्ट किटने. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मुलगा म्हणाला, "आई, खायला काहीच नाही तर हे वाढतंय कशावर?" प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर माझ्या माहेरच्या आठवणीत सापडलं. माहेर चोडणचं, घरामागे खाजन, म्हणजे खाडीकाठचं बांध घातलेलं शेत. शेतात युरिया पडला की पुढच्या काही दिवसांत मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, आतलं पाणी हिरवं व्हायचं. युरिया पाण्यात कोणाला दिसला नव्हता, दिसायचं ते शेवाळ. माझ्या टँकमध्येही तेच चाललं होतं. फॉस्फेट आत येताच शेवाळ ते गिळत होतं. किट फक्त पाण्यात उरलेलं मोजतं, आणि उरत काहीच नव्हतं. शिवाय फॉस्फेट दगडांना आणि वाळूला चिकटून बसतं आणि हळूहळू सुटत राहतं, ते वेगळंच.

मग वही घेऊन आत येणाऱ्याचा हिशोब मांडला. माशांच्या सुक्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात 10 मिलिग्रॅम फॉस्फरस, फॉस्फेटच्या भाषेत सुमारे 30 मिलिग्रॅम. 200 लिटर पाण्यात ते 0.15 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) होतं. पोवळ्यांच्या टँकमध्ये फॉस्फेट 0.03 ते 0.1 च्या आसपास ठेवायचं असतं! आमच्या घरात येता-जाता जो तो चिमूट टाकायचा: नवरा सकाळी, मुलगा शाळेतून आल्यावर, सासूबाई संध्याकाळी दिवा लावल्यावर. पुडीचं वजन रोज रात्री करून पाहिलं. दिवसाला दोन ग्रॅमच्या वर जात होतं, तीन माशांना. दुसऱ्या दिवसापासून डबीत मोजून अर्धा ग्रॅम ठेवायला लागले, आणि टाकण्याचा मान सासूबाईंचा. गोठवलेलं खाद्य वितळवून चहाच्या गाळणीतून गाळून घ्यायचं, पाणी बेसिनमध्ये.

दुसरी गळती पाण्याची. टँकचं सामान घेतलं तिथे सांगितलं होतं की स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल. माझ्या टीडीएस मीटरवर (तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो) ओपा जलप्रकल्पातून येणारं नळाचं पाणी 65 दाखवायचं आणि आरओचं 30. घरगुती आरओमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो. तो गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. पिण्याला उत्तम, पण टँकमध्ये रोज तीन-चार लिटर पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागेच राहतात. भर घालीन तितके ते साठत जाणार. वेगळं युनिट बसवलं: सेडिमेंट फिल्टर, कार्बन, मेम्ब्रेन, शेवटी उरलेसुरले क्षार ओढून घेणारं डीआय रेझिन. आता मीटर शून्य दाखवतो. पण रेझिन संपत आलं की सर्वांत आधी सिलिका निसटतं, आणि टीडीएस मीटरला सिलिका जवळजवळ दिसतच नाही. डायाटमला तेच हवं असतं. म्हणून मी मीटर हलायची वाट न पाहता, किती लिटर पाणी गाळलं ते लिहून ठेवून रेझिन बदलते.

लाइट दहा तासांवरून सात तासांवर आणला, पांढरा कमी केला. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला. दगडांच्या मागे पाणी हलतच नव्हतं, तिथे गाळाचा थर साचलेला. एक वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारा पंप, त्या दिशेला वळवला. उष्णतेचं एवढंच सांगते की संपवर, म्हणजे टँकला जोडलेल्या खालच्या टाकीवर, पंखा लावला की एप्रिलमध्ये पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, पण पावसाळ्यात हवेतच इतका ओलावा असतो की पंख्याचा फारसा उपयोग होत नाही. शेवटी चिलर घ्यावा लागला.

चवथीनंतरच्या रविवारी खरं काम सुरू केलं. दात घासायचा मऊ ब्रश बोटभर जाड नळीला रबराने बांधला. घासता घासता सुटलेलं शेवाळ नळीतूनच बाहेर, बादलीच्या तोंडाला बांधलेल्या फिल्टरच्या पिशवीत. तुटलेला तुकडा टँकमध्ये राहिला तर दुसरीकडे रुजतो, म्हणून ही नळी महत्त्वाची. दोन तास काम केल्यावर पिशवीतला ओला गोळा पिळला आणि सहज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. 180 ग्रॅम! तो गोळा हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा समजलं की किटमध्ये न दिसलेलं फॉस्फेट हे इथे आहे. त्या दिवसापासून काट्याचा आकडा वहीत जाऊ लागला. पुढचे रविवार: 140, 150, 90, 95, 60. पहिल्यांदा वाढला तेव्हा कारणही सापडलं, त्या आठवड्यात मी दुकानाच्या कामाला पणजीला होते आणि खाद्याची डबी दुसऱ्याच कोणीतरी भरली होती. किटचा आकडा पूर्ण काळ शून्यच होता. काटा मात्र दर रविवारी काय चाललंय ते सांगत होता.

मुळं धरलेल्या तीन दगडांना हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं. इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. टँकचा छंद असलेले लोक 3 टक्क्यांचं द्रावण सांगतात, पण आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारी 20 व्हॉल्यूमची बाटली साधारण 6 टक्क्यांची असते. समान भाग शुद्ध पाणी घालून ते निम्मं करायचं. दगड टँकबाहेर काढून फक्त शेवाळावर ब्रशने लावायचं, पाच मिनिटं थांबायचं, मिठाच्या पाण्यात खळखळून धुऊन परत ठेवायचं. लावताच फेस येतो आणि तीन-चार दिवसांत शेवाळ पांढरं पडतं. टँकमध्ये थेट ओतू नका. कोळंबी असेल तर अजिबातच नको.

मग काट्याने काटा काढायचा म्हणून संपमध्ये कीटोमॉर्फा लावलं. हेही शेवाळच, ताठ हिरव्या दोऱ्यांचा गुंता, पण कुठे चिकटत नाही. त्याचा लाइट रात्री चालू ठेवते, म्हणजे वरचा लाइट बंद असताना पाण्याचा पीएच फार उतरत नाही. महिन्यातून एकदा त्याचा निम्मा गुंता काढून तुळशीपासून लांब, माडाच्या आळ्यात टाकते, गोड्या पाण्यात दोनदा धुऊन.

डिसेंबरमध्ये वहीतला आकडा 40 वर आला आणि माझा धीर सुटला. उरलेलं एकदम संपवावं म्हणून फॉस्फेट शोषणारं लोह-ऑक्साइड, ज्याला सगळे जीएफओ म्हणतात, ते सांगितल्याच्या दुप्पट घातलं. हिरवं शेवाळ खरंच थांबलं. पण दहाव्या दिवशी वाळूवर तपकिरी, शेंबडासारखे दोरे आले, त्यांत बुडबुडे अडकलेले. रात्री विरळ व्हायचे, दुपारी परत दाट. गोगलगायी काचेवरून सुटून उलट्या पडू लागल्या, झोआ पुन्हा मिटले. कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीकडे थेंबभर पाणी नेलं. सूक्ष्मदर्शकाखाली थेंबाच्या आकाराच्या पेशी जणू खुंटीला बांधल्यासारख्या एका टोकाभोवती फिरत होत्या. डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय सूक्ष्मजीव, त्यातला ऑस्ट्रिऑप्सिस. तो विषारी असतो, गोगलगायींनी तेच खाल्लं होतं. पाण्यातलं पोषण खरोखर शून्यावर नेलं की शेवाळासारखे त्यांचे प्रतिस्पर्धी उपाशी मरतात आणि मोकळी झालेली जागा हे बळकावतात. जास्त मात्रेचं औषध काय करतं हे मी दिवसभर गिऱ्हाइकांना समजावते, म्हणून ही चूक मला फार लागली.

उपाय उलटा करावा लागला. जीएफओ काढलं, खाद्य थोडं वाढवलं, नायट्रेट 5 आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 च्या दरम्यान आणून तिथे टिकवलं. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, म्हणून यूव्ही दिवा लावला. तीन दिवस टँकला काळं कापड गुंडाळलं. त्या दिवसांत पाणी बदललं नाही. सहा आठवडे लागले. फेब्रुवारीच्या एका सकाळी वाळू पांढरी दिसली, दुपारीही पांढरीच राहिली, आणि मी दुकान उघडायला अर्धा तास उशिरा गेले.

हिरवं शेवाळ अजून आहे. मागच्या काचेवर आणि पंपाच्या पाठीमागे थोडं राहू देते, नव्या गोगलगायी त्यावर जगतात. झोआ एकोणीस उघडतात, शिवाय मागच्या बाजूला चार नवी तोंडं फुटलीत. गेल्या रविवारी काट्यावर 12 ग्रॅम आलं. आता पाऊस येईल, जुलैत नळाचं पाणी गढूळ होतं आणि सेडिमेंट फिल्टर दोन आठवड्यांत तपकिरी पडतो. त्याचे चार नग आणून ठेवलेत.