तुम्ही विचारलंत म्हणून: ‘समव्हेअर इन टाइम’च का?

गिटार शिकायला येणारी मुलं विचारतात, त्यांना सोडायला आलेले पालक विचारतात, जुने मित्रही भेटले की विचारतात. आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडचे एवढे गाजलेले अल्बम आहेत, ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ आहे, ‘पॉवरस्लेव्ह’ आहे, मग तुम्ही प्रत्येकाला आधी ‘समव्हेअर इन टाइम’ का ऐकायला लावता? आणि त्यात तर सिंथेसायझर आहे! हा शेवटचा शब्द जरा तक्रारीच्या सुरात येतो. मेटल म्हणजे गिटार, बेस, ड्रम्स आणि गळा, त्यात स्वतःच विजेवर आवाज तयार करणाऱ्या या यंत्राचं काय काम, असा त्या तक्रारीचा अर्थ. एकदा नीट बसून उत्तर द्यायचं बरेच दिवस मनात होतं.

हा अल्बम २९ सप्टेंबर १९८६ रोजी आला. त्यामागची हकिगत ठाऊक असली की आवाज असा का आहे ते लगेच लक्षात येतं. ऑगस्ट १९८४ मध्ये मेडनने वॉर्सामधून एक दौरा सुरू केला. पोलंडमध्ये तेव्हा कम्युनिस्ट राजवट होती आणि पाश्चात्त्य मेटल बँड आपलं सगळं सामान घेऊन तिथे जाणं ही साधी गोष्ट नव्हती. तो दौरा जुलै १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात संपला. ३३१ दिवसांत १८७ कार्यक्रम. रोज रात्री दीड-दोन तास पूर्ण ताकदीने गायचं, सामान आवरायचं, बसमध्ये झोपायचं, उठायचं ते दुसऱ्याच गावात. गायक ब्रूस डिकिन्सन यातून पार पिळून निघाला होता, आणि हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं आहे.

नव्या अल्बमसाठी तो गाणी घेऊन आला तीही वेगळीच. अकूस्टिक गिटारवरची, लोकसंगीताच्या वळणाची. बासिस्ट स्टीव्ह हॅरिसने म्हणजे बँडच्या कर्त्या माणसाने ती नाकारली. म्हणून या अल्बममध्ये डिकिन्सनच्या नावावर एकही गाणं नाही. मला विचाराल तर हॅरिसचा निर्णय बरोबर होता. ती गाणी ऐकायला मला फार आवडली असती, पण थकलेल्या बँडने शांत गाणी करावीत हा सरळ मार्ग झाला. मेडनने थकव्याबद्दल गाणी केली आणि ती पूर्ण वेगाने वाजवली. हे जास्त अवघड आहे.

डिकिन्सनची जागा भरून काढली ती गिटारिस्ट एड्रियन स्मिथने. ‘वेस्टेड इयर्स’, ‘सी ऑफ मॅडनेस’ आणि ‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’ ही तिन्ही गाणी एकट्या त्याची. आधीच्या अल्बममध्ये तो कुणाच्या तरी जोडीने लिहायचा. इथे त्याची चाल बांधायची पद्धत पहिल्यांदा मोकळेपणी ऐकू येते. हॅरिसची गाणी धावतात, वळणं घेतात, गोष्ट सांगतात. स्मिथचं गाणं एका ओळीभोवती फिरतं आणि ती ओळ तुमच्या डोक्यात राहते. दोन स्वभाव एकाच अल्बममध्ये समोरासमोर आले, हा मला सिंथपेक्षाही मोठा बदल वाटतो.

आता सिंथबद्दल, कारण खरी अडचण तिथेच आहे. पहिली गोष्ट, बँडने कीबोर्डवाला आणला नाही. वापरले ते गिटार-सिंथ. साध्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये तार हलते, पिकअप त्या हालचालीची विजेची लहर करतो आणि तीच लहर अॅम्प्लिफायरमधून मोठी होऊन बाहेर येते. गिटार-सिंथमध्ये प्रत्येक तारेला वेगळा पिकअप असतो. तो त्या तारेची हालचाल यंत्राला कळवतो, यंत्र सूर कोणता हे ओळखतं आणि मग त्या सुराचा स्वतःचा आवाज काढतं. म्हणजे बोटं गिटारवाल्याची, आवाज यंत्राचा.

यात एक मेख आहे आणि गिटार वाजवणाऱ्याला ती लगेच जाणवते. सूर ओळखायला यंत्राला तारेचं निदान एक कंपन पूर्ण ऐकावं लागतं. सगळ्यांत जाड तार मोकळी वाजवली तर सेकंदाला साधारण ८२ वेळा कंप पावते, म्हणजे एका कंपनाला १२ मिलिसेकंद. एका कंपनात यंत्राची खात्री पटली नाही तर आणखी उशीर. त्या काळच्या यंत्रांत हा उशीर हाताला चांगलाच जाणवायचा. मेडनची ती प्रसिद्ध घोडदौडीची लय अशा यंत्रावर वाजवायला गेलात तर सगळा चिखल होईल.

म्हणून हेडफोन लावून नीट ऐका, सिंथ कुठे आहे ते. ‘कॉट समव्हेअर इन टाइम’ या पहिल्याच गाण्याची सुरुवात घ्या. दोन गिटार संथपणे एकत्र चाल वाजवतात आणि त्यांच्या खाली एक गार, चकचकीत थर पसरलेला असतो. मग ड्रम्स सुटतात, गाणं पळायला लागतं आणि पळण्याचं सगळं काम साध्या गिटारी आणि हॅरिसचा बेस करतात. सिंथ लांब सुरांवर राहतो, जिथे उशिराने बिघडत नाही. घाईची कामं माणसांची, आणि यंत्राने फक्त आभाळाचा रंग बदलायचा, अशी ती वाटणी आहे. निर्माता मार्टिन बर्चचा कान यात मोठा असणार असं मला नेहमी वाटतं. त्याने डीप पर्पल आणि रेनबोसारख्या बँडबरोबर आधीच भरपूर काम केलेलं होतं आणि मोठ्या आवाजात जागा कशी ठेवायची हे त्याला पक्कं माहीत होतं. बेस आणि ड्रम्स बहामाजमध्ये नासाऊला रेकॉर्ड झाले, गिटार आणि गायन नेदरलँड्समधल्या हिल्वरसमला, सगळ्या आवाजांचं मिश्रण न्यूयॉर्कला. तीन देशांत झालेलं काम एकसंध वाटतं, हे साधं नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये जूडास प्रीस्ट या दुसऱ्या मेटल बँडचा ‘टर्बो’ हा अल्बम आला होता. तिथेही गिटार-सिंथच, पण त्यांनी गाणीही हलकी केली, रेडिओवर चालतील अशी. तो अल्बम मला आवडतो, त्यात मजा आहे. मेडनने मात्र गाणी आखूड केली नाहीत. उलट दोन गाणी सात मिनिटांच्या पुढे जातात आणि शेवटचं साडेआठ मिनिटांचं आहे. बांधणी तीच, रंग नवा. प्रयोग करताना काय सोडायचं नाही हे इतकं स्पष्ट ठाऊक असलेला बँड क्वचित सापडतो.

आता ‘वेस्टेड इयर्स’. सिंथच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की या अल्बमचं सगळ्यांत लाडकं गाणं सिंथशिवाय आहे. सुरुवातीचा रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, मी शिकवतो तेव्हा आधी मोकळी तार वाजवायला लावतो. ती सतत मध्ये मध्ये वाजत राहते आणि तिच्याभोवती चालीचे सूर वरखाली होतात. तानपुरा लावून गाण्याची सवय असलेल्या मुलांना हे पटकन समजतं: आधारसूर स्थिर आहे, म्हणून फिरणाऱ्या सुरांना अर्थ येतो. गाण्यातला माणूस घरापासून दूर आहे, वर्षं हातातून निसटल्यासारखी वाटतात, आणि मग तो स्वतःलाच सांगतो की गेलेल्या दिवसांमागे धावू नकोस, आत्ताचे दिवसच सोन्याचे आहेत. ३३१ दिवस रस्त्यावर काढून आलेल्या माणसाने हे लिहिलंय हे कळलं की त्यातला प्रत्येक शब्द वजनदार होतो. १ फेब्रुवारी २००८ ला मेडन मुंबईत आले, वांद्रे-कुर्ला संकुलात. त्या जगदौऱ्याचा तो पहिलाच कार्यक्रम होता आणि बँडचं बोइंग ७५७ खुद्द डिकिन्सन चालवत आला होता. ‘वेस्टेड इयर्स’चं धृवपद सुरू झालं तेव्हा माझ्या शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस डोळे मिटून गात होता, आणि पुढच्या ओळीला त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. त्याचं नाव मी विचारलं नाही. घर सोडून या शहरात राहणाऱ्या किती जणांचं ते गाणं असेल!

‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’ची गोष्ट स्मिथला एका ध्रुवप्रदेशी संशोधकाशी बोलताना सुचली. बर्फात गोठलेल्या माणसाचं प्रेत सापडल्याची ती हकिगत होती. गाणं बेसवर सुरू होतं, लय मेडनच्या मानाने संथ, जड पावलांची. मधला सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा भाग, मी विद्यार्थ्यांना वाजवायला देण्याआधी गुणगुणायला लावतो. गुणगुणता येतो, हेच त्याचं मोठेपण. स्मिथ सूर कमी वापरतो आणि प्रत्येक सुराला श्वास घ्यायला वेळ देतो. मेटलचा सोलो म्हणजे वेगाची शर्यत असं ज्यांना वाटतं त्यांना मी एवढंच ऐकवतो.

सगळं काही तितकंच उत्तम आहे असं नाही. ‘द लोन्लीनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर’चं धृवपद नको तितक्या वेळा येतं आणि ‘देजा वू’ बाकीच्यांपुढे फिकं पडतं. ‘सी ऑफ मॅडनेस’कडे मात्र लोकांनी उगाच दुर्लक्ष केलं आहे, त्याच्या मधल्या शांत भागासाठी तरी ते पुन्हा ऐका.

मुखपृष्ठाबद्दल थोडं बोलायलाच हवं. कॅसेटच्या इवल्याशा कागदावर ते आम्हाला कधी नीट दिसलंच नाही. मोठी रेकॉर्ड पूर्ण उघडून पुढचं-मागचं एकत्र पाहायला मिळालं तेव्हा कळलं की चित्रकार डेरेक रिग्सने अख्खं शहर रंगवलंय. पुढे यंत्रमानव झालेला एडी, म्हणजे मेडनच्या मुखपृष्ठांवरचं ठरलेलं पात्र, हातात बंदूक. मागे घड्याळात २३:५८, म्हणजे मध्यरात्रीला दोन मिनिटं, मेडनच्याच जुन्या गाण्याची खूण. फुटबॉलचा निकाल झळकतोय: वेस्ट हॅम ७, आर्सेनल ३. हॅरिस वेस्ट हॅमचा कट्टर चाहता, त्यामुळे हा निकाल चित्रातच लागू शकला. आकाशातून ग्रीक पुराणकथेतला इकारस पडतोय, पंख जळालेला. मागच्या बाजूला बँड उभा आहे आणि डिकिन्सनच्या हातात मेंदू आहे. एका जागी उलट्या अक्षरांत लिहिलंय की हे फार कंटाळवाणं चित्र आहे. महिनोन् महिने एवढी बारीक कामं करत बसलेल्या चित्रकाराचा तो हुंकार वाचला की मला त्याच्याबद्दल फार माया वाटते.

शेवटचं गाणं ‘अलेक्झांडर द ग्रेट’, म्हणजे आपल्या सिकंदरावरचं. शब्दांत शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकाचा वास आहे हे कबूल: मॅसेडोनिया, दरायस, फ्रिजियातली गाठ, बॅबिलॉनमधला ताप. भारताचा उल्लेख येतो तिथे मुलं नेहमी थांबवतात. गाण्यात म्हटलंय की सैन्य त्याच्यामागे भारतात यायला तयार झालं नाही. आपण शाळेत शिकलो ते बरोबर आहे, तो आला होता. ख्रिस्तपूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाशी लढला आणि सैनिकांनी पाय रोवले ते पुढे बियासच्या काठी. हॅरिसने दोन नद्यांचा इतिहास एका ओळीत कोंबला. पण दमलेल्या सैन्याबद्दलची ती ओळ दमलेल्या बँडने गायली आहे, आणि मला ती तशीच ऐकू येते. मग मधला वाद्यांचा लांब भाग येतो. लय बदलत जाते, दोन्ही गिटार एकमेकांच्या हातातून चाल काढून घेतात आणि सिंथचा थर त्या सगळ्याला एखाद्या विस्तीर्ण पठाराची खोली देतो. माझ्या लेखी सिंथचं या अल्बममधलं सगळ्यांत मोठं काम हेच.

हे गाणं मेडनने ३७ वर्षं मंचावर वाजवलंच नाही. चाहते मागत राहिले. अखेर २८ मे २०२३ ला स्लोव्हेनियात ल्युब्लियानाला ते पहिल्यांदा वाजलं. त्याच वर्षी जानेवारीत ड्रमर निको मॅकब्रेनला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता आणि उजव्या बाजूची ताकद गेली होती. ते त्याने ऑगस्टमध्ये जाहीर केलं. म्हणजे त्या पहिल्या रात्री समोरच्या लोकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सत्तरीचा माणूस चार महिन्यांत हात पुन्हा कमावून त्याच बँडच्या अवघड रचनांपैकी एक वाजवत होता. डिसेंबर २०२४ मध्ये तो दौऱ्यांतून निवृत्त झाला. २०२३च्या त्या दौऱ्यात ‘कॉट समव्हेअर इन टाइम’ही कित्येक वर्षांनी परतलं, थेट कार्यक्रमाची सुरुवात म्हणून.

तर ऐकताना क्रम मोडू नका, पहिल्या गाण्यापासून सुरू करा. एक्कावन्न मिनिटांचं काम आहे. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, तो गार थर त्यात उमटतच नाही. आवडला तर लगेच १९८८चा ‘सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन’ लावा. तिथे कीबोर्ड उघडपणे आले आणि डिकिन्सनही लिहायला परतला. नाही आवडला तरी या आणि सांगा कुठे अडलं. आपण ते गाणं गिटार हातात घेऊन पुन्हा ऐकू.