काय म्हणतोय खांदा?

सोमवार

रात्रभर पाऊस लागून राहिला होता. भागशाळा मैदानावर नुसता चिखल, त्यामुळे फेऱ्या दोनच झाल्या आणि बाकावरची बैठक लांबली. खरं सांगायचं तर फेऱ्या हे निमित्त. डॉक्टरांनी 'चाला' म्हटलंय म्हणून सकाळच्या वेळी घरातून सुटका होते, एवढाच त्यांचा उपयोग.

घाटकोपरचा खांदा अजून वर जात नाही. हात कानापर्यंत जातो, तिथून पुढे नाव नाही. मागे तर कमरेपर्यंतसुद्धा पोचत नाही. गेल्या वर्षभरात तिनं सगळे ब्लाउज पुढच्या हुकांचे शिवून घेतलेत. "सुनेला रोज सकाळी हुक लाव म्हणायचं जिवावर येतं गं," हे तिनं फक्त आम्हाला सांगितलं. मधुमेहवाल्यांचा खांदा जास्त आखडतो, असं फिजिओथेरपीवाली म्हणाली. वेळ लागतो पण बहुतेकांचा सुटतो, असंही म्हणाली. तोवर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायची आणि जिथं थांबतील तिथं पेन्सिलीनं खूण करायची. तिच्या स्वयंपाकघराच्या दारामागे नातवाच्या उंचीच्या खुणा आहेत, त्यांच्याच शेजारी आता आजीच्या बोटांच्या. सध्या नातू जोरात आहे.

नावांचा खुलासा करायला हवा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी वेळापत्रक लिहितेय. आम्ही सगळ्या डोंबिवलीच्या, एकाच गाडीच्या, एकाच डब्याच्या. गाडीत नाव फार उशिरा कळतं. आधी विचारायचं ते "कुठे उतरणार?" कारण तिची सीट उतरल्यावर कुणाला मिळणार हे त्यावर ठरतं. म्हणून ती घाटकोपर, ही दादर, पलीकडची भायखळा. मी शेवटपर्यंत जाणारी, म्हणून व्हीटी. १९९६ मध्ये स्टेशनाचं सीएसटी झालं, २०१७ मध्ये सीएसएमटी झालं, मी मात्र व्हीटीच राहिले. आता कुर्ला सोडली तर सगळ्या निवृत्त. घाटकोपर शाळेत शिकवायची, दादर बँकेत होती, भायखळा सरकारी इस्पितळात परिचारिका. मी सरकारी कार्यालयात फायली इकडच्या तिकडे करत होते.

बाकावर तिघी मावतात. चौथी टेकते. सवय आहे.

मंगळवार

भायखळा आज आलीच नाही. फोन केला तर म्हणाली, पहाटे कुशीवर वळले आणि पंखा, कपाट, भिंत, सगळं गरगरायला लागलं. मिनिटभरानं थांबलं, पुन्हा वळले तर पुन्हा तेच. काल गणपतीची पितळी भांडी काढायला माळ्याकडे मान वर करून बघत होती, तेव्हाही असंच झालं होतं म्हणे. काल बाकावर बसून सगळ्यांची दुखणी ऐकली, स्वतःचं मात्र एक अक्षर बोलली नाही! जन्मभर दुसऱ्यांना 'अंगावर काढू नका' सांगणाऱ्या बाईचं हे असं.

संध्याकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मी बरोबर गेले. तिची मनातली यादी मोठी होती: बीपी, मानेचे मणके, झालंच तर आणखी काही भलतंसलतं. डॉक्टरांनी तिला पलंगावर झटकन आडवं केलं, डोकं एका बाजूला वळवून थोडं खाली सोडलं आणि डोळ्यांकडे बघत राहिले. बुबुळं भराभरा उडत होती, मलाही दिसलं. मग त्यांनी डोकं हळूहळू दुसऱ्या बाजूला, मग सगळं अंग त्याच कुशीवर, मग उठवून बसतं, असं केलं. प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ थांबले. आपल्या कानाच्या आत कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते जागचे हलून भलत्या नळीत शिरले की मेंदूला चुकीची खबर जाते. डोकं असं वळवून ते कण परत जागेवर आणायचे. औषध जवळजवळ नाहीच. भायखळा उठली, जरा वेळ बसली, मान फिरवून बघितली आणि म्हणाली, "थांबलं की! एवढ्यासाठी मी रात्रभर मृत्युपत्राचा विचार करत होते."

बाहेर आल्यावर आम्ही कॉफी प्यायलो. तिथं तिनं बातमी दिली, नातीला पहिला दात आला. दोन दिवस झाले म्हणे. चक्कर येत होती म्हणून सांगायची राहून गेली.

बुधवार

आज माझा नंबर. पायांना मुंग्या येतात असं मी घरी सांगत होते, तर हे म्हणाले, "वय झालं." मुलगी पुण्याहून म्हणाली, "आई, डॉक्टरांना दाखव." दोन्ही उत्तरं बरोबरच आहेत, पण दोन्हींनंतर बोलणं संपतं. मागे बाकावर सांगितलं तर भायखळेनं पहिला प्रश्न विचारला, "मधुमेहाची गोळी किती वर्षं घेतेस? आणि ॲसिडिटीची?" ती मधुमेहाची नेहमीची पांढरी गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं, ॲसिडिटीच्या गोळीनंही होतं, त्यात मी शाकाहारी. तपासून घेतलं. व्हायचं तेच निघालं, खालच्या रेषेच्याही खाली. इंजेक्शनांचा कोर्स सुरू झालाय.

पण लिहायचं ते याच्याबद्दल नाही. बाकावर सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या फाटकातूनच दादर ओरडली, "काय म्हणतायत मुंग्या?" शेजारून जाणारे एक काका दचकून खाली बघायला लागले. घरी आपलं दुखणं एकदा सांगितलं की ते कळवून झालेलं असतं. पुन्हा सांगितलं तर "हो, काल म्हणालीस की" असं ऐकावं लागतं. घरच्यांना माया नसते असं नाही. त्यांना काहीतरी करायचं असतं आणि करण्यासारखं काही उरलं नाही की ते चिडतात. मैत्रिणींना काही करायचं नसतं. त्या फक्त खातं चालू ठेवतात. खांदा कालच्यापेक्षा वर गेला का, रात्री किती वेळा उठलीस, इसबगोल लागू पडलं का? माणसाची ख्यालीखुशाली न विचारता त्या थेट अवयवाची विचारतात, आणि उत्तरही खरं मिळतं. "कशी आहेस?" म्हटलं की कुणीही "मजेत" म्हणून मोकळं होतं.

'म्हाताऱ्यांच्या गप्पा म्हणजे नुसती रडगाणी' असं तरुण मंडळी म्हणतात. म्हणोत. त्यांचीही पाठ दुखतेच आहे त्या लॅपटॉपनं.

गुरुवार

दादरच्या घरी. गेल्या आठवड्यात तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन प्रकारचे थेंब, दोन्हींत पाच मिनिटांचं अंतर, आणि तिच्या यजमानांचा हात थरथरतो म्हणून दुपारचा एक डोस भायखळा जाऊन घालते. काळा चष्मा लावून दादर सोफ्यावर बसली होती आणि घराला नावं ठेवत होती. पडद्यांवर एवढी धूळ होती? ही भिंत पांढरी आहे? मला गेली चार वर्षं ती पिवळसरच वाटत होती! डावा डोळा झाकून बघते तर सगळं लख्ख, उजवा झाकून बघते तर सगळ्यावर चहाचं पाणी सांडल्यासारखं. माझ्या अंगावरची साडी निळी आहे हे तिला आजच कळलं. इतके दिवस ती तिला राखाडी समजत होती आणि मनातल्या मनात माझी कीव करत होती. मग आरशात गेली आणि परत येऊन म्हणाली, "हे ऑपरेशन करायला नको होतं."

गणपती हिच्याकडे असतो, दीड दिवसाचा, एकवीस उकडीच्या मोदकांचा. पण डॉक्टरांनी सध्या वाकायचं नाही, वाफेपाशी उभं राहायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, असं बजावलंय. सून नोकरीवाली, ती म्हणाली विकत आणू. दादरचा चेहरा बघण्यासारखा झाला. काळ्या चष्म्याआडूनही कळला.

मग आम्ही कामं वाटली, आणि वाटताना लक्षात आलं की प्रत्येकीचा एकेक भाग बाद आहे. घाटकोपरला उकड मळता येणार नाही, तिला खांद्याचा जोर लागतो, आणि आंबेमोहोराची उकड गरम असतानाच मळावी लागते, नाहीतर पारीला भेगा. भायखळेला माळ्यावरून मोदकपात्र काढायला चढवायचं नाही. मी जमिनीवर बसले तर उठवायला दोघी लागतात, म्हणजे विळीवर नारळ खवणं माझ्याकडे नको. शेवटी ठरलं ते असं: मोदकपात्र दादरचे यजमान काढणार, नारळ सून खवणार, सारण मी ओट्यापाशी उभी राहून ढवळणार, उकड भायखळा मळणार आणि घाटकोपर टेबलावर कोपर टेकवून नुसत्या कळ्या पाडणार. तिच्या कळ्या आमच्यात सगळ्यांत बारीक. बोटांना काही झालेलं नाही तिच्या. दादर खुर्चीत बसून सूचना करणार. ते तिला डोळे मिटूनही येतं.

रविवार

कुर्ला फक्त रविवारी भेटते. अजून चार वर्षं नोकरी आहे. गेले कित्येक रविवार ती टाच दुखते, टाच दुखते एवढंच सांगतेय. सकाळी पलंगावरून उतरल्यावरची पहिली पावलं तर काट्यावर पडल्यासारखी. आम्ही इलाज पुरवत होतो. बर्फाच्या बाटलीवर तळवा फिरव, घरातही मऊ चपला घाल, पोटऱ्या ताण. ती मान डोलवत होती आणि पुढच्या रविवारी पुन्हा टाच. आज भायखळेनं बूट काढायला लावून दाबून बघितलं आणि म्हणाली, "ही तर बरीच कमी आहे. मग तोंड का एवढंसं?"

तेव्हा बातमी आली. तिनं एसी लोकलचा पास काढलाय. दीड महिना झाला.

आम्ही हसलो, पण ती हसली नाही. टाचेमुळे उभं राहावत नव्हतं म्हणून काढला, पण तुम्हाला सांगायला लाज वाटली, म्हणाली. आम्ही चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीनं टेकून जन्म काढलेल्या. जुलै १९९२ मध्ये कल्याणची महिला स्पेशल सुरू झाली, तेव्हा सण झाल्यासारख्या गाडीला झेंडूच्या माळा लावत होतो. गाडीत भाजी निवडली, हळदीकुंकू केलं, घाटकोपरच्या डोहाळजेवणाची ओटी भरली. आणि ही गार डब्यात दारं बंद करून जाते!

"मग काय झालं? टाच बरी झाली ना?" दादर म्हणाली.

"झाली. पण तिथं कुणी बोलत नाही गं. सगळ्यांच्या कानात ती बोंडं. मी लंगडत चढते, रोज त्याच बाईसमोर बसते, एकीनं विचारलं नाही काय झालं म्हणून."

यावर घाटकोपरनं मास्तरणीच्या आवाजात उपाय सांगितला. जाताना एसी, येताना साधी. सकाळी टाच सांभाळायची, संध्याकाळी तोंड. कुर्ला विचार करते म्हणाली.

बाकीच्या बातम्या पटापट: दादरच्या सोसायटीचा पुनर्विकास पुन्हा लांबला, दोन सभासद सही करत नाहीत. घाटकोपरची कामवाली गावाला गेलीय आणि गौरी झाल्याशिवाय परतणार नाही. माझी जास्वंद जगली.

गणेश चतुर्थी

एकवीसऐवजी सव्वीस झाले. पहिले तीन फुटले, त्यांचं श्रेय भायखळा माझ्या पातळ सारणाला देते आणि मी तिच्या उकडीला. घाटकोपरच्या कळ्या इतक्या सुबक आल्या की दादरनं स्वतः उठून, चष्मा वर करून, अगदी जवळून बघितल्या आणि पहिल्यांदाच कुठली चूक काढली नाही. कुर्ला अर्धी रजा टाकून आली. साध्या गाडीनं.

जेवायला बसल्यावर साखरेचा विषय निघालाच. आमच्यातल्या तिघी मधुमेहाच्या. प्रत्येकीच्या पानात तूप सोडलेले दोन मोदक, आणि प्रत्येकीची तीन महिन्यांची तपासणी तोंडावर आलेली. घाटकोपर म्हणाली, मी गणपती उरकल्यावर पंधरा दिवस पथ्य पाळून मगच रक्त देते. मलाही ते पटलं. भायखळा मोदक फोडता फोडता म्हणाली, "अगं, त्या तपासणीत सगळं कळतं. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण एकशेवीस दिवस जगतात, त्यांना साखर चिकटलेली असते. हे मोदक त्यात येणार, आणि मे-जूनमधले आंबे गेल्या वेळच्या रिपोर्टात येऊन गेलेत."

"म्हणजे पंधरा दिवस थांबून काही उपयोग नाही?"

"फारसा नाही."

घाटकोपरनं डाव्या हातानं, म्हणजे चांगल्या हातानं, आणखी एक मोदक वाढून घेतला.