तुम्ही विचारलंत म्हणून: पोटगी किती मागावी?

शाळेच्या फाटकाशी, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघताना हळूच विचारतात. "ताई, तुमचं सगळं समजुतीनं झालं ना? मुलीसाठी किती मागावेत हो?" मी हिशेब लिहिण्याचं काम करते, त्यामुळे आकडा माझ्या जिभेवर असणार असं लोकांना वाटतं. असतोच. दरमहा 12,000. 2018 साली ठरले, तेव्हा लेक पाच वर्षांची होती. आता ती सातवीत आहे आणि 12,000 तसेच आहेत.

वार्षिक वाढीची ओळ आमच्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे घटस्फोटासाठी दोघांनी मान्य केलेल्या अटींच्या कागदात, नाहीच. ऑफिसात भाडेकरार समोर आला की मी आधी 'दर 11 महिन्यांनी इतके टक्के वाढ' हेच शोधते. स्वतःच्या कागदात शोधलं नाही. कारण घाई. परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोन टप्प्यांमध्ये निदान सहा महिने थांबावं लागायचं. सप्टेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की योग्य प्रकरणात ही मुदत माफ करता येते. आम्ही तोवर दोन वर्षं वेगळे राहत होतो, वकीलबाईंनी माफीचा अर्ज टाकला, मंजूरही झाला. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयातून एकदाचं सुटायचं या नादात मी प्रत्येक पानावर सही करत गेले.

तेव्हा आकडाही अंदाजानंच ठरला. नवऱ्याचा पगार किती, हे मला आठवत होतं तेवढंच. तुमचं नशीब बरं. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या वादात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं प्रतिज्ञापत्रावर दाखवावी लागतात. प्रकरण संमतीचं असलं तरी सही करण्याआधी समोरच्याकडून तेवढे तपशील मागून घ्या. लाजायचं कारण नाही.

पण मला खरा फटका पोटगीनं दिला नाही, फ्लॅटनं दिला. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर. टर्म्समध्ये स्वच्छ लिहिलं होतं की फ्लॅट त्याचा आणि हप्ते तोच भरेल. मी निर्धास्त. दीड वर्षानं स्कूटरसाठी कर्ज काढायला गेले तर काउंटरवरच्या मुलानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. घराचे तीन हप्ते उशिरा भरलेले, लाल अक्षरात, माझ्या नावासमोर. मी त्याला घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत दाखवली. तो बिचारा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, हे तुमच्या दोघांतलं आहे." खरंच होतं त्याचं. आमच्या प्रकरणात बँक पक्षकार नव्हती, तिच्या लेखी दोघंही कर्जदार. न्यायालयानं मला संसारातून मोकळं केलं होतं, कर्जातून नव्हे. पुढे त्यानं एकट्याच्या नावावर दुसऱ्या बँकेतून कर्ज घेऊन जुनं फेडलं, तेव्हा कुठे माझं नाव निघालं. म्हणून सांगते, घरातला आपला हिस्सा सोडण्याच्या हक्कसोडपत्रावर सही करायला निबंधक कार्यालयात जाल, त्याआधी कर्जातून नाव काढल्याचं बँकेचं पत्र हातात घ्या. मी उलटं केलं. फ्लॅट आधी सोडला, कर्ज मागे राहिलं.

बाकी राहून गेलेल्या गोष्टी लहान वाटतात. 'उन्हाळी सुट्टी दोघांत अर्धी अर्धी' असं लिहिलं, पहिली अर्धी कोणाची ते नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात माझ्या भावाचं लग्न निघालं आणि करवलीच्या परकरावरून वकिलांचे फोन सुरू झाले. शिक्षणाचा खर्च 'सज्ञान होईपर्यंत' लिहिला. अठराव्या वर्षी मूल बारावीत असतं हो! खरा खर्च त्यानंतर. लग्न न झालेल्या मुलीला त्यानंतरही वडिलांकडे मागता येतं, पण त्यासाठी पुन्हा न्यायालयाची पायरी आलीच. 'पदवी पूर्ण होईपर्यंत, फी आणि वसतिगृहासह, निम्मे निम्मे' एवढं लिहिलं असतं तर भागलं असतं. भविष्य निर्वाह निधीवरचं नामनिर्देशन तर मी चार वर्षांनी बदललं. घटस्फोटानं ते आपोआप बदलत नाही.

आणि कोणी 'पुढे मुलीसाठी वाढ मागणार नाही' असं लिहून घ्यायला लागलं तर घाबरू नका. मुलाच्या पोटगीचा हक्क मुलाचा असतो, आईच्या सहीनं तो जात नाही. परिस्थिती बदलली की वाढीचा अर्ज करता येतो.

मग मी का करत नाही, हा पुढचा प्रश्न. कारण पोटगी दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता जमा होते. शनिवारी तो वेळेवर येतो, लेक उड्या मारत खाली जाते आणि परत येताना दोघं कसल्यातरी विनोदावर हसत असतात. अर्ज टाकला की या शनिवारांचं काय होईल, हा हिशेब मला मांडता येत नाही.

गेल्या आठवड्यात तीन वर्षांच्या फीच्या पावत्या एका कागदावर लावून त्याला व्हॉट्सॲपवर पाठवल्या. खाली एकच ओळ लिहिली: 'बघ जरा.' दोन निळ्या खुणा आल्या आहेत.