सायकलच्या सीटला चामडं चढवलं, पण सगळं अडलं ते टोकापाशी

सीट फाटली की बहुतेक लोक नवी आणतात. मला ते करायचं नव्हतं, कारण ही सीट मला बसलेली आहे. लांब पल्ल्याला तिच्यावर कधी त्रास झाला नाही आणि अशी सीट पुन्हा मिळेलच याची खात्री नसते. प्लास्टिकचं कवच धड होतं, खालच्या सळ्या सरळ होत्या, फोमही जवळजवळ शाबूत होता. गेलं होतं फक्त वरचं कव्हर. मांड्या घासतात तिथे पापुद्रे सुटले होते आणि पुढच्या टोकाला भोक पडून फोम दिसायला लागला होता. एकदा फोमला वाट मिळाली की तो पाणी पितो, आणि वरून कोरड्या दिसणाऱ्या सीटवर बसलं की ओल वर येते.

काम पूर्ण झालं, मनासारखं झालं. पण एका गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. या कामाची जेवढी वर्णनं मी वाचली आणि पाहिली, त्यांत टोकाबद्दल एवढंच असतं: चामडं ओढून खाली चिकटवा, रात्रभर वाळू द्या. बाकी कात्री कुठली घ्यावी यावर परिच्छेदच्या परिच्छेद, आणि जिथे माणूस खरंच अडतो तिथे एक ओळ. म्हणून मी उलटं करणार आहे. सोपं आहे ते पटकन उरकते.

आधी एक घोळ दूर करते. 'चामड्याची सीट' म्हटलं की बरीच माहिती वेगळ्याच सीटची मिळते. ब्रूक्स कंपनीच्या संस्थापकांनी १८८२ साली ज्या प्रकारच्या सीटचं पेटंट मागितलं, त्या जातीच्या सीटमध्ये फोम नसतोच. जाड चामड्याचा एकच तुकडा लोखंडी सांगाड्यावर ताणलेला असतो आणि तुम्ही थेट त्याच्यावर बसता. तिथले सल्ले, म्हणजे चामडं किती जाड हवं, ताण कसा वाढवायचा, आपल्या कामाचे नाहीत. आपल्याला फोमवर पातळ चामडं चढवायचं आहे.

सीट काढण्याआधी ती सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या नळीवर, किती पुढेमागे आहे ते सळ्यांवर चिकटपट्टीने खूण करून ठेवा. मग जुनं कव्हर काढा. ते कवचाच्या खालच्या बाजूला पिना मारून किंवा गोंदाने बसवलेलं असतं. पिना पातळ स्क्रूड्रायव्हरने उचकटून पक्कडीने ओढायच्या. गोंद असेल तर कव्हर सावकाश सोलायचं, नाहीतर फोमचे लचके निघतात. टोकाच्या भोकात मी दाट फोमचा तुकडा बसवला आणि बारीक पॉलिश पेपरने घासून पातळीला आणला. ही घासाई मन लावून करा. चामड्याखालचा खळगा नंतर दिसतोच, आणि तेव्हा काही करता येत नाही.

चामड्याच्या बाबतीत मात्र तडजोड नको. ते झाडाच्या सालीतल्या किंवा फळातल्या टॅनिनने, म्हणजे तुरट द्रव्याने, कमावलेलं हवं. क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं चामडं मऊ असतं, हाताला छान लागतं, पण ओलं करून आकार दिला तरी वाळल्यावर पुन्हा सपाट व्हायला बघतं. टॅनिनवर कमावलेलं चामडं ओलं असताना मातीसारखं वळतं आणि वाळलं की तोच आकार धरून ठेवतं. जाडी १ ते १.५ मिलिमीटर. पाठीकडचा भाग घट्ट असतो, पोटाकडचा सैल आणि वेडावाकडा ताणला जाणारा, म्हणून पाठीकडचा तुकडा घ्या. सीटच्या मापापेक्षा चहूबाजूंनी बराच मोठा कापा. कवचाची बाजू झाकून खाली वळायला लागेल तेवढं, आणि त्याबाहेर हाताने धरून ओढायला आणखी ५ सेंटीमीटर. चामडं वाया जाईल म्हणून इथे काटकसर केली की टोकाशी बोटांत धरायला काही उरत नाही.

आता टोक.

कागदावर हिशेब करून बघा. टोक वरून पाहिलं तर अर्धवर्तुळ. त्याची त्रिज्या २ सेंटीमीटर धरली तर कडेची लांबी होते साधारण ६.३ सेंटीमीटर. चामडं या कडेवरून ३ सेंटीमीटर खाली उतरायचं आहे. सपाट चामड्यावर त्या जागेची त्रिज्या ५ सेंटीमीटर, म्हणजे तिथल्या कडेची लांबी १५.७. जे १५.७ आहे ते ६.३ मध्ये बसवायचं. उरलेलं जवळजवळ साडेनऊ सेंटीमीटर चामडं जिरवायचं कुठे? खरं टोक उतरतं आणि गोलसर असतं म्हणून आकडा थोडा घटतो, पण प्रश्न तोच राहतो. त्याचं उत्तर 'ओढून चिकटवा' हे नाही. नुसतं ओढलं की दोन्ही बाजूंना एकेक जाड चुणी पडते, आणि ती नेमकी मांडी घासते तिथे येते.

उत्तर ओल्या चामड्यात आहे. ओल्या चामड्याचे तंतू एकमेकांवरून सरकतात. खालच्या दिशेने ताणलं की ते आडव्या दिशेने आकसतं. जादा चामडं कापून टाकायचं नसतं, ते असं जिरवायचं असतं.

मी केलं ते असं. कोमट पाण्यात चामडं बुडवलं आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवलं. बाहेर काढून लगेच चढवलं नाही. वरचं पाणी टिपून घेतलं आणि मूळ रंग जरासा परतू लागेपर्यंत वाट पाहिली. गळतं चामडं निसटतं आणि आकारही नीट धरत नाही. सीटवर जेवण झाकायची पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळली, म्हणजे फोम पाणी पिणार नाही. सळ्यांवरही गुंडाळली, आणि ती का ते पुढे सांगते.

मग टोकाचा मधला बिंदू सरळ खाली ओढून कवचाखाली वळवायचा. बाजू अजून सैल ठेवायच्या. टोकाच्या दोन्ही बाजूंना फुगा येतो. प्रत्येक फुग्याच्या बरोबर मध्यावर धरून खाली ओढायचं की एका फुग्याचे दोन होतात. त्यांचे पुन्हा मध्य धरायचे. असं करत गेलं की जाड चुण्यांच्या बारीक सुरकुत्या होतात, आणि बारीक सुरकुती घोटून बसवता येते. घोटायला मी स्टेनलेस स्टीलच्या चमच्याची पाठ वापरली, वरून खाली, नेहमी कवचाच्या कडेकडे. अंगठ्याखाली सुरकुती आधी दोऱ्यासारखी जाणवते, मग केसासारखी, मग नुसती रंगाची रेघ उरते. चामडं कोरडं वाटू लागलं की ओला स्पंज फिरवायचा आणि पुन्हा सुरुवात. माझी बोटं दुखायला लागली, पण सुरकुत्या एकेक करून खालच्या कडेपाशी जाऊन बसल्या. खाली चुण्या राहिल्या तर राहू देत, त्या पुढे कापायच्याच आहेत.

टोकाखाली वळणारी पट्टी भिजवण्याआधी आतल्या बाजूने तासून निम्मी पातळ करून घेतली तर हे काम बरंच हलकं होतं. त्यासाठी रापी, म्हणजे चामडं तासायचं हत्यार, धारदार हवी. बोथट रापी चामडं तासत नाही, फाडते. धरायची कड मात्र जाडच ठेवा, ती पातळ केली तर ओढताना हातात येते.

आकार बसला की बांधायचं. आणि इथे ते 'रात्रभर'.

सगळीकडे सांगतात, जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापा आणि टोकापासून मागे घट्ट गुंडाळत जा. रबर छान ताण देतं हे खरंच आहे. पण विचार करा, आत प्लास्टिक फिल्म, बाहेर रबर. पाणी जाणार कुठून? रात्र गेली, पुढचा दिवस गेला. मागचा रुंद भाग रबराच्या फटींतून वाळला. टोकाला वेढे सर्वांत दाट, तिथलं चामडं होतं तसंच ओलं, गडद आणि थंडगार. एकाही वर्णनात याबद्दल अक्षर नाही. त्यात असं बंद ओलं चामडं फार वेळ राहिलं तर बुरशी धरतं, म्हणजे वाट बघत बसणंही धोक्याचं.

अशा वेळी हात हेअर ड्रायरकडे जातो किंवा सीट उन्हात ठेवावीशी वाटते. दोन्ही करू नका. टॅनिनवर कमावलेलं चामडं ओलं असताना ७० ते ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास कायमचं आखडतं, आणि जवळून धरलेल्या ड्रायरची हवा तिथवर सहज पोचते. आखडलेलं, लाकडासारखं कडक झालेलं टोक कुठल्याही तेलाने परत येत नाही. ऊन एवढं तापत नाही, पण वरची बाजू आधी वाळवतं आणि ती तडकते.

मी रबर पूर्ण सोडलं आणि त्याच्या जागी क्रेप बँडेज गुंडाळलं, मुरगळलेल्या पायाला बांधतात ते. ते ताण देतं आणि हवाही खेळू देतं. धातूची क्लिप मात्र लावायची नाही, बँडेजचं टोक आत खोचायचं. बँडेज भिजलं की दुसरं कोरडं बांधायचं. दर वेळी सोडलं की पुन्हा चमचा फिरवायचा, कारण उरलेल्या सुरकुत्या याच वेळी मिटतात. पहिल्यांदा बांधताना रबरच हवं असेल तर खाली सुती कापडाची पट्टी घ्या आणि आकार धरताच ते सोडून टाका. रबराच्या वेढ्यांचे वळही चामड्यावर उठतात.

क्लिप नको, कारण ओलं टॅनिन आणि लोखंड यांची गाठ पडली की चामड्यावर निळसर काळा डाग पडतो. जुन्या काळची काळी शाई याच क्रियेने करायचे. म्हणूनच सळ्या गुंडाळायच्या, आणि ओल्या कामात लोखंडी चिमटे, टाचण्या, खिळे आणायचेच नाहीत. डाग पडलाच तर लिंबाच्या रसाने फिका होतो.

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? रंगावर जाऊ नका, वरून फिकं दिसणारं चामडं आत ओलं असतं. गालाला लावून बघा, थंड लागलं तर अजून पाणी उडतं आहे. त्याहून पक्कं म्हणजे स्वयंपाकघरातल्या काट्यावर सीट बँडेज काढून ठेवायची आणि वजन लिहून ठेवायचं. ते घटायचं थांबलं की चामडं वाळलं. त्याआधी चिकटवायला घेऊ नका, ओल्या चामड्याला काँटॅक्ट अडेसिव्ह, म्हणजे चपलांचं सोल्युशन, धरत नाही.

मी वजन स्थिर होईपर्यंत थांबले आणि मग चामडं उचललं. ते सीटच्या आकारातच हातात आलं, टोकासकट. टोकावर नखाने टिचकी मारली तर टणक, कोरडा आवाज आला. वरून एक सुरकुती नाही. इतका वैताग करून घेतल्यावर ते टोक पाहताना झालेला आनंद मी लपवणार नाही. कितीतरी वेळ मी ते नुसतं फिरवून पाहत होते.

पुढचं सरळ आहे. फिल्म काढायची, जादा कड कापायची, खाली चिकटायला दीड-दोन सेंटीमीटर ठेवायचं आणि ती कड तासून पातळ करायची. खाचा कुठे आणि कशा हे महत्त्वाचं. टोकाखाली चामडं जास्त असतं, म्हणून तिथे त्रिकोणी खाचा काढायच्या. मध्ये जिथे सीट अरुंद होत आत वळते तिथे उलट चामडं कमी पडतं, तिथे नुसत्या सरळ चिरा द्यायच्या म्हणजे कड पसरते. कुठलीही खाच कवचाच्या कडेपर्यंत नेऊ नका, वरून दिसेल.

चिकटवायला चपलांना वापरतात ते सोल्युशन. दोन्ही पृष्ठभागांना पातळ लावायचं, दहा-पंधरा मिनिटं बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून मागे खूण हवी: चामड्यावर आणि कवचावर आतून मध्यरेषा आखून ठेवा. खिडक्या उघड्या, जवळपास आग नको. आधी टोक, मग मागचा मध्य, मग दोन्ही बाजू आलटून पालटून. आत वळणाऱ्या मधल्या बाजूंना फोमलाही सोल्युशन लावा, नाहीतर तिथे चामडं तंबूसारखं उचलतं.

शेवटी मेणाचं पॉलिश, पातळ, मऊ कापडाने. तेल पाजू नका. तेलाने चामडं सैल पडतं आणि टोकाला जिरवलेलं सगळं पुन्हा वर येतं. मी रंग दिला नाही, कारण नीट न बसलेला रंग कपड्यांना लागतो, आणि नैसर्गिक चामडं उजेडाने आणि वापराने आपोआप गडद होतं. पावसात सीटवर आवरण घाला. तरीही भिजलीच तर ती वाळेपर्यंत तिच्यावर बसू नका, ओलं चामडं बसणाऱ्याचा आकार घेतं.

पहिले काही दिवस सीट उलटी करून टोकाखालची कड तपासत राहा. सर्वांत जास्त ताण तिथेच असतो. माझ्या सीटला एका खाचेपाशी कड किंचित उचलली होती. थेंबभर सोल्युशन, थोडा दाब, आणि ती बसली.